अगादिरहून तारुदांतला नक्की जा

मोरोक्कोच्या सहलीवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यात देशाचा दक्षिण भाग म्हणजे अगादिरचा समुद्रकिनारा आणि तिथली रिसॉर्टं एवढंच वाचून मन भरलं नाही. १९६०च्या भूकंपात अगादिर जमीनदोस्त झालं, त्यामुळे आज दिसतं ते बहुतेक सगळं नवं शहर. जुनं गाव बघायचं असेल तर तिथून पूर्वेला साधारण ८० किलोमीटरवर, सूस नदीच्या खोऱ्यात तारुदांत आहे. सोळाव्या शतकात मोरोक्कोच्या सादी राजघराण्याची राजधानी आधी इथे होती, माराकेश नंतर. गावाभोवतीचा मातीचा तट अजून जवळपास अखंड आहे आणि संध्याकाळच्या उन्हात तो विटकरी रंगाने असा उजळतो की पाय निघत नाही.

आम्ही दोन रात्री राहिलो. बाजारात कोणी हात धरून दुकानात ओढलं नाही. एका दारात दोघी बायका दगडावर दगड मारून अर्गन या तिथल्या झाडाच्या बिया फोडत होत्या. शेजारी दगडी जातं, थेट आपल्या आजीचं! भाजलेले गर त्यात दळले की तपकिरी, दाटसर लगदा निघतो, तो पाणी घालून मळत राहायचं, मग तेल सुटतं. त्यात बदाम आणि मध घालून केलेलं अमलू त्यांनी पावाला लावून हातावर ठेवलं. पैसे घेईनात. शेवटी त्यांच्याकडूनच तेलाची बाटली घेतली.

शुक्रवारी दुपारी बरीच दुकानं बंद असतात, तेवढं बघून जा. आणि एका दिवसात परतू नका, मुक्काम कराच.