सगळं डॅनिशच!

इंग्लंडात जुनं फर्निचर विकणाऱ्याच्या लेखी लाकूड चहाच्या रंगाचं असलं आणि पाय खाली निमुळते होत गेले, की झालं, ते 'डॅनिश'! किंमत लगेच दुप्पट. मुळात हे लाकूड सागाचं, आणि डेन्मार्कच्या थंडीत सागाचं रोपटंही तग धरत नाही. तिथे साग जायचा तो सयाम-ब्रह्मदेशाकडून. पण हे दुकानदाराला सांगणार कोण?

सांगते आमची ही. शनिवार उजाडला की. या विषयात अभ्यास तिचा दांडगा आणि गुडघे माझे, त्यामुळे कामाची वाटणी ठरलेली. ती उभ्याने प्रश्न विचारते, मी टॉर्च घेऊन साइडबोर्डखाली उताणा पडून उत्तरं देतो.

"गोल शिक्का दिसतोय?"

"गोल जाळं दिसतंय. मालक घरीच आहे."

"डॅनिश कारखानदारांच्या संघाचा शिक्का असतो रे. नीट बघ."

आता हा घोळ काही उगाच झालेला नाही. डॅनिश माल खपतोय म्हटल्यावर इथल्या कारखानदारांनीही तीच वळणं उचलली. बकिंगहॅमशायरातल्या हाय विकममध्ये १९५३ साली निघालेल्या 'जी-प्लॅन' या फर्निचरवाल्यांनी तर पुढे इब कोफोड-लार्सन हा अख्खा डॅनिश माणूसच गाठून त्याच्याकडून आराखडे करून घेतले. डोकं डॅनिश, हात बकिंगहॅमशायरचे! दुकानदार याला बिनदिक्कत 'डॅनिश' म्हणतो. ही नुसतं "बरं" म्हणते. त्या 'बरं'ला मी लग्नापासून घाबरतो.

परवाच्या साइडबोर्डला मागे कुणाचाच शिक्का नव्हता, बुडाशीही नव्हता. दुकानदार खुशीत. मग हिने मधला खण पूर्ण बाहेर ओढायला लावला. आत जुन्या पॉलिशचा वास, कुणाची तरी शिवणाची टाचणी, आणि कडेला छोटंसं लेबल: मॅकिन्टॉश, किर्काल्डी. म्हणजे स्कॉटलंड! १८६९ पासूनचा कारखाना, काम एक नंबर. लाकडातूनच कोरून काढलेल्या मुठी बघून माझ्यासारख्या उताण्या माणसालाही उठून बसावंसं वाटलं. तशी वस्तू सोन्यासारखी, फक्त डॅनिश नव्हे.

हिने लेबलवर बोट ठेवलं आणि दुकानदाराकडे पाहिलं. आता निदान पन्नास पौंड उतरणार, म्हणून मी पाकिटाकडे हात नेला.

त्याने चष्मा लावून लेबल सावकाश वाचलं. म्हणाला, "किर्काल्डी म्हणजे समुद्रकाठचंच ना? मग बरोबर. समोर डेन्मार्कच."