पिवळा त्रिकोण

काम साधं होतं. पंपाचा दाब रात्रभर नोंदवायचा. सेन्सर होता, त्याचे व्होल्ट मोजून संगणकाला आकडे पुरवणारं सोळा बिटांचं यूएसबी डॅक (DAQ) कार्डही होतं. उणे दहा ते अधिक दहा व्होल्टचे ६५,५३६ तुकडे पाडून मिलिव्होल्टच्या तिसऱ्या हिश्श्याचाही हिशेब ठेवणारं काटेकोर यंत्र! घोडं अडलं ते ड्रायव्हरपाशी, म्हणजे कार्ड आणि संगणक यांची बोलणी करून देणाऱ्या प्रोग्रॅमपाशी.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या उपकरणांच्या यादीत, कार्डाच्या नावावर पिवळा त्रिकोण. कोड १०: हे उपकरण सुरू होऊ शकत नाही. एवढं मलाही दिसत होतं. ड्रायव्हर अपडेट करायला गेलो, तर उत्तर आलं की सर्वोत्तम ड्रायव्हर आधीच बसवलेला आहे. आता यावर काय बोलणार?

‘‘काढ आणि परत टाक,’’ शेजारचा सहकारी म्हणाला. जगातल्या यच्चयावत दुखण्यांवर त्याच्याकडे हे एकच औषध आहे.

काढला, परत टाकला. आता कोड ५२. म्हणजे ड्रायव्हरवर डिजिटल सही नाही. सहीवाचून कागद अडतो हे ऐकून होतो, इथे विजेचा दाब अडला होता. मग संगणक खास पद्धतीने रीस्टार्ट करून ७ चं बटण दाबलं, की सही तपासली जात नाही, हा शोध लागला. कार्डावरचा हिरवा दिवा लागला आणि मी खुर्चीतच ताठ झालो. पण ही सवलत पुढच्या रीस्टार्टपर्यंतच. आणि अपडेटच्या नावाखाली संगणक स्वतःहून रीस्टार्ट कधी होईल, ते त्यालाच ठाऊक.

शेवटी सहीवाला नवा ड्रायव्हर मिळाला. तेवढ्यात माउसला जागा हवी म्हणून कार्ड शेजारच्या पोर्टात खोचलं. झालं! कार्डाने आपला सिरियल नंबर संगणकाला सांगितलेलाच नसावा, कारण तेच कार्ड आता ‘डिव्हाइस २’ झालं, आणि माझा प्रोग्रॅम ‘डिव्हाइस १’च्या नावाने टाहो फोडत बसला. खात्री करायला कार्ड उलटं करून पाठीवरचा नंबर वाचला, गुपचूप जुन्या पोर्टात परत नेलं आणि त्या पोर्टाला चिकटपट्टी लावली : ‘हात लावू नये’.

रात्रभर सेकंदाला हजार नोंदी. आठ तासांत २ कोटी ८८ लाख. सकाळी आलेख उघडला, तर काय सुरेख लहर! दर सेकंदाला बरोबर ५० हेलकावे. पंप असा कधी धडधडेल का? ही तर भिंतीतल्या विजेची गुणगुण. कार्ड उलटं करताना सेन्सरची वायर टर्मिनलमधून निसटली होती, ती टेबलाखाली लोंबत होती.

सहकारी माझ्या खांद्यावरून डोकावला.

‘‘ड्रायव्हर काढून परत टाकू या का?’’