तो ट्रंपेट कोणाचा?

'अलबेला'ची गाणी लागली की आपण भगवानदादांचं नाव घेतो, अण्णांचं म्हणजे सी. रामचंद्रांचं घेतो, लताबाईंचं घेतो. त्या गाण्यांत ट्रंपेट उधळणाऱ्या माणसाचं नाव मात्र कोणाच्या तोंडी येत नाही. मला याचा खरंच राग येतो.

अंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६, गोव्यातलं हळदोणे. मुंबईने त्याला चिक चॉकलेट म्हणून ओळखलं.

गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलं लहानपणीच पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकत. पुढे १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात टेडी वेदरफोर्डसारखे कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आले आणि गोव्याच्या पोरांना जॅझ जवळून ऐकायला मिळालं. कागदावरचं वाचणं त्यांना येतच होतं. कागदावर नसलेलं वाजवणं या मंडळींकडून आलं. चिक हा अमेरिकन जॅझ ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँगचा भक्त. त्याला 'भारताचा आर्मस्ट्राँग' म्हणत. कौतुकानेच म्हणत, पण या बिरुदात त्याचं निम्मं काम झाकलं गेलं असं माझं ठाम मत आहे.

कारण चिक अण्णांचा सहायकही होता. आपल्याकडे संगीतकाराला चाल सुचायची, तो ती हार्मोनियमवर सांगायचा. पण ट्रंपेट, सॅक्सोफोन, क्लॅरिनेटवाल्यांच्या पुढ्यात कागद लागतो. कोणी कुठे शिरायचं, कुठे थांबायचं, सगळं लिहून. त्यात ट्रंपेटसाठी लिहिलेला सूर प्रत्यक्षात एक स्वर खाली वाजतो, म्हणजे तो हिशेबही लिहिणाऱ्यानेच सांभाळायचा. हिंदी सिनेमात हे काम वर्षानुवर्षं गोव्याच्या वादकांनी केलं. तबकडीवर नाव संगीतकाराचं आणि गायकाचं. (१९४९च्या दारूबंदी कायद्यानंतर क्लबांतलं वादन रोडावलं, तेव्हा पोटाला आधार या स्टुडिओंचाच होता.)

'अलबेला'त चिक आपल्या बँडसह पडद्यावरही आहे. गंमत म्हणजे त्याच वर्षी, १९५१ला, 'नादान' हा चित्रपट आला आणि त्याचा संगीतकार होता खुद्द चिक. तलत महमूदचं 'आ तेरी तस्वीर बना लूँ' त्यातलंच. ट्रंपेटने हॉल दणाणून सोडणाऱ्या माणसाने ही इतकी हळुवार चाल बांधली!

१९६७ला तो मुंबईत वारला. पन्नाशी नुकतीच उलटली होती.

तलतचं ते गाणं मी शाळेपासून ऐकत आलोय. चाल कोणाची, हे इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.