काशाची वाटी आणि मेंदूतली गाठ

रामबागेपासून सुदामानगरपर्यंत इंदूरच्या मराठी घरांत सध्या एक व्हॉट्सॲप संदेश फिरतोय: पक्षाघात झालेल्या माणसाच्या उशाशी रोज वीस मिनिटं काशाची वाटी वाजवली की मेंदूतली रक्ताची गाठ विरघळते, घाबरेपणा जातो, झोप लागते आणि गोळ्या सुटतात.

गाठ नादाने विरघळत नाही. ती विरघळवणारं इंजेक्शन असतं. ते लक्षणं दिसल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत आणि सीटी स्कॅन करूनच देतात, कारण काहींच्या मेंदूत गाठ नसतेच, रक्तस्राव असतो.

नाद अगदीच निरुपयोगी, असंही नाही. फिनलंडमधल्या एका अभ्यासात (२००८) पक्षाघातानंतर रोज आवडीचं संगीत ऐकणाऱ्यांची शब्दांची स्मरणशक्ती जास्त सुधारली, उदासीही कमी राहिली. पण ते साधं संगीत होतं, वाट्या नव्हेत, आणि नेहमीचे उपचार चालूच होते. संदेशात नेमकं हेच गाळलंय.

झोप न लागण्याचं कारण पुष्कळदा वेगळंच निघतं. पक्षाघातानंतर अनेकांचा श्वास झोपेत मधूनमधून अडतो. आजोबा घोरतात म्हणून आपण हसतो, तेव्हा खरं तर या त्रासाची, म्हणजे स्लीप ॲप्नियाची तपासणी करायला हवी. सततच्या धास्तीवरही औषध आणि समुपदेशन आहे.

आजींना वाटीचा नाद आवडतो? खुशाल वाजवा. आमच्याकडे देवघरातली घंटाच पुरते! मात्र रक्त पातळ करणारी किंवा रक्तदाबाची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. दुसरा झटका येऊ शकतो.