मनात आणलं की सुटते?

छोटूने सोमवारपासून सिगारेट बंद असं जाहीर केलं आणि रिक्षावाले मामा म्हणाले, "मनात आणलं की सुटते. ज्याची सुटत नाही त्याला सोडायचीच नसते." वाद पेटला तो या वाक्यावरून.

मेडिकलवाला उसळलाच. "असं नका बोलू, मामा. झुरका मारल्यावर 10 ते 20 सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं. इतक्या वर्षांची ती सवय. नुसत्या निश्चयावर सोडणाऱ्या 100 जणांतले एका प्रयत्नात जेमतेम 3 ते 5 टिकतात."

"मग माझी कशी सुटली? ना निकोटिनची गोळी, ना निकोटिनचं च्युइंगम."

यावर मास्तरांनी विचारलं, "सोडण्याआधी काय काय केलं होतंत?" मामा आठवून सांगू लागले. टपरीसमोर रिक्षा लावणं बंद केलं. सकाळचा चहा घरी प्यायला लागले. स्टँडवर सगळ्यांना बजावलं, मागितली तरी देऊ नका. खिशात बडीशेप. हे सगळं आधी, महिनाभर.

मला वाटतं, मामांच्या वाक्यातलं खरं एवढंच आहे, आणि ते मोलाचं आहे. त्यांनी निश्चय टपरीवर उभं राहून वापरलाच नाही, तिथे जायची वेळ येऊ नये म्हणून आधीच खर्च केला. "इच्छाशक्ती कमी पडली" म्हणून स्वतःला कोसणाऱ्या पोरांना हे कुणी सांगत नाही, याचा मला राग येतो.

छोटूला काय येणार हेही माहीत हवं. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट. चिडचिड, झोपमोड, भूक, कामात लक्ष नाही. नंतर तीन-चार आठवड्यांत उतरत जातं. एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते. तेवढी मिनिटं काय करायचं हे आधी ठरलेलं असलं की माणूस तरतो. ऐनवेळी ठरवायला गेला की टपरीवरची सुट्टी सिगारेट जिंकते. महाराष्ट्रात सुटी विक्री 2020 पासून बंद आहे म्हणे, पण "एकच दे" म्हटल्यावर नाही म्हणणारा टपरीवाला मला अजून भेटलेला नाही.

च्युइंगमवरून पुन्हा जुंपली. मामांच्या मते एक व्यसन सोडून दुसरं धरायचं. मेडिकलवाल्याचं म्हणणं, त्यात निकोटिन असतं, पण धूर नाही, डांबर नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही. फक्त ते नेहमीच्या गमसारखं चघळत बसायचं नाही. थोडं चावून गालात दाबून ठेवायचं, आणि चहाच्या लगेच आधी किंवा चहाबरोबर नको. मी इथे मेडिकलवाल्याच्या बाजूचा. मदत घेणारा मनाने कच्चा असतो, ही समजूत माणसं मारते. पाकिटावरच 1800-11-2356 हा सोडायला मदत करणारा मोफत नंबर छापलेला असतो, तोही तितक्याच हक्काने फिरवावा.

शेवटी मास्तर छोटूला म्हणाले, "रविवारी मित्राची हळद आहे ना? रात्रभर त्यांच्यात बसून सोमवारी सोडणार? तारीख पुढच्या सोमवारची घे, आणि हा आठवडा तयारीला."

"पुढे ढकललं की गेलं," मामा म्हणाले.

"मामा, तुम्ही महिना घेतला होतात."

मामा गप्प झाले, मग म्हणाले, "ठीक. पण तारीख आज घरी सांगायची. आईला."

छोटूने तिथूनच फोन लावला.