राणीछाप रुपयाची प्रत कशी ठरवावी

आजीच्या पेटीत राणीछाप रुपया सापडला, की सुज्ञ माणसाने तो आधी स्वच्छ घासून घ्यावा. सव्वाशे-दीडशे वर्षांत चांदीवर चढलेली करडी-निळसर छटा म्हणजे निव्वळ मळ होय. तो हवेतल्या गंधकाने चढवलेला थर आहे आणि त्याच्याखाली टांकसाळीतली मूळ चकाकी शाबूत असू शकते, असे जाणकार सांगू लागले तर विषय बदलावा. चिंच, रांगोळी आणि नारळाची शेंडी एवढे साहित्य पुरते. न वापरलेला रुपया उजेडात कलता करून फिरवला, तर त्याच्या पृष्ठभागावरून चाकाच्या आऱ्यांसारखे प्रकाशाचे पट्टे फिरतात. पाच मिनिटांच्या मनापासून केलेल्या घासणीने ते कायमचे बंद होतात आणि स्टीलच्या वाटीसारखा सर्वत्र सारखा लखलखाट येतो. भिंगातून पाहिल्यास शेकडो बारीक ओरखडे दिसतात खरे, पण भिंगातून पाहायला तुम्हाला सांगितले आहे कोणी?

यानंतर मुख्य प्रश्न येतो: नाणे कोणाचे आहे? विकायचे असेल, तर ते 'एक्स्ट्रीमली फाइन', म्हणजे अगदीच कमी झिजलेले, असते. तेच नाणे विकत घ्यायचे असेल, तर जेमतेम 'फाइन'. या दोन निष्कर्षांमध्ये नाण्याची तसूभरही झीज झालेली नसते, फक्त ते टेबलाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकलेले असते. नवख्यांनी येथे भाषेचीही काळजी घ्यावी. या व्यवहारात 'गुड' म्हणजे जवळजवळ गुळगुळीत झालेले आणि 'फाइन' म्हणजे बऱ्यापैकी झिजलेले नाणे, त्यामुळे विक्रेत्याने 'गुड' म्हटल्यावर आनंदाने मान डोलावणारे गिऱ्हाईक त्याला अत्यंत प्रिय असते.

झीज पाहायचीच असेल, तर ती उंचवट्यांवर पाहतात, कारण बोटे आणि खिसे तिथेच आधी लागतात. व्हिक्टोरियाच्या रुपयावर मुकुटाचे बारकावे, कपाळावरचे केस आणि चोळीवरची वेलबुट्टी तपासावी. पंचम जॉर्जच्या रुपयावर दाढी, मुकुट आणि अंगरख्यावरचा हत्ती. हा हत्ती १९११ साली असा काही उमटला, की तो लोकांना डुक्कर वाटला, गहजब झाला, बहुतेक नाणी वितळवण्यात आली आणि १९१२ पासून सोंड नीट दिसेल असा हत्ती आला. तुमच्याकडच्या १९११ च्या रुपयावर हत्तीही दिसत नाही आणि डुक्करही दिसत नाही, अशी स्थिती असेल तर 'प्राणी सौम्य' असा शेरा मारावा.

आकड्यांत बोलायची हौस असल्यास १ ते ७० ही मोजपट्टी तयार आहे. ती विल्यम शेल्डन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये त्यांच्या देशातल्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी मांडली. हेच गृहस्थ माणसांच्या देहयष्टीचेही वर्गीकरण करत असत. न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले चांगले सेंट उचलून त्यांच्या जागी आपले कमअस्सल सेंट त्यांनी ठेवले होते, हे त्यांच्या मृत्यूनंतर उघडकीस आले. प्रत सुधारण्याची याहून सोपी पद्धत अजून कोणाला सापडलेली नाही.

अलीकडे प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करून आकडा देणाऱ्या कंपन्या आहेत. घासलेल्या रुपयाला त्या बहुधा आकडा देत नाहीत, 'डिटेल्स' (आकड्याऐवजी नुसता शेरा) आणि 'क्लीन्ड' (घासलेले) असे लिहून परत पाठवतात. त्यात मन खट्टू करून घेण्याचे कारण नाही. चिठ्ठीवर इंग्रजी आहे, एवढे पाहुण्यांना पुरते.

माळेत ओवलेल्या रुपयाबाबत मात्र थोडे कसब लागते. वरच्या कडेला कडी डागलेली असते, ती काढावी आणि डागकामाचा उरलेला टाका कानशीने साफ करावा. मग तिथली कड चपटी होते आणि अक्षरांचे माथे जातात. एकूण वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा भरायला हवे, असा आग्रह धरणारे लोक काटा घेऊन फिरतात. त्यांना नाणे दुरूनच दाखवावे.

आमच्या घरी १८६२ चा एक रुपया आहे. हे साल पुढे दहा-बारा वर्षे तसेच छापत राहिले, त्यामुळे तो नक्की कधीचा हे राणीलाही सांगता येणार नाही. दर लक्ष्मीपूजनाला आई त्याला चिंच लावून घासते, हळदकुंकू वाहते आणि पुसून लाल कापडात ठेवते. चार पिढ्यांच्या या सेवेनंतर राणीचे नाक गालात मिसळले आहे, केसांची जागा सपाट झाली आहे आणि चोळी नुसती कल्पनेने पाहावी लागते. गेल्या दिवाळीत मी पाकिटावर 'जवळजवळ न वापरलेला' असे लिहून तो एका विक्रेत्याला दाखवला. त्याने नाणे उलटसुलट केले, उजेडात धरले आणि अतिशय आदराने विचारले, "साहेब, चांदीच्या भावाने देता का?"