घुमटाचा ताल आणि 'मेंदूतलं घड्याळ': त्या मेसेजला उत्तर

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की गोव्यात आरतीच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो, फोंड्यापासून डिचोलीपर्यंत तोच. म्हणे झोप-जाग सांभाळणारं मेंदूतलं घड्याळच ताल मोजतं, हात नुसता हुकूम पाळतो, माकडाकडे ते घड्याळ नाही म्हणून त्याला ठेका धरता येत नाही, आणि ज्या पोराचं घड्याळ उपजत कच्चं त्याने घुमटाला, म्हणजे आरतीत वाजवायच्या चामडं लावलेल्या मातीच्या मडक्याला, हात लावू नये. हे वाचून पोरांना खरंच मागे बसवतात, म्हणून लिहितोय.

झोप-जागेचं घड्याळ आहे, बरोबर, पण त्याचा फेरा 24 तासांचा. उंदरांच्या मेंदूतला या घड्याळाचा भाग निकामी केला तरी त्यांना सेकंदांचा अंदाज येतच राहतो. तो मुद्दा तिथेच संपला.

आता हुकूमाचं. आत कुठेतरी टिकटिक चालते आणि कोणीतरी ती मोजतं, ही कल्पना 1963 मध्ये ट्रिझमन या मानसशास्त्रज्ञांनी मांडली आणि बरीच वर्षं चालली. पण माकडांच्या मेंदूतल्या पेशींची प्रत्यक्ष नोंद घेतली तेव्हा वेगळंच दिसलं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातले मेंदू-संशोधक जझायेरी यांच्या गटाने माकडांना कधी 0.8 तर कधी 1.5 सेकंद थांबून हालचाल करायला शिकवलं, ते काम 2018 मध्ये छापून आलं, आणि त्यात हालचालीची तयारी करणाऱ्या भागातल्या पेशींचा तोच नमुना मोठ्या वेळेला ताणला जात होता आणि छोट्या वेळेला आकसत होता, तीच बंदिश विलंबित आणि द्रुत गावी तसा. म्हणजे मोजणारा वेगळा आणि वाजवणारा वेगळा असं नाहीच. घुमटवाल्याकडे नीट बघा, डावा हात मडक्याचं मागचं तोंड उघडझाक करतोय, उजवा चामड्यावर पडतोय, आणि दोन थापांच्या मधे उजवा थांबलेला नसतोच, पुढच्या थापेकडे निघालेला असतो. वेळ धरली जाते ती त्या निघण्यातच, असं मला तरी या सगळ्यावरून वाटतं. अर्थात एकट्या त्या भागाचं हे काम नाही, बेसल गँग्लिया (मेंदूच्या आत खोलवरचे, हालचालीत भाग घेणारे पेशींचे पुंजके) आणि लहान मेंदू पण यात आहेत.

आणि माकडं? मेक्सिकोत संशोधक ह्युगो मर्शंट यांच्या गटाने त्यांना मेट्रोनोमवर, म्हणजे सारख्या अंतराने ठोके देणाऱ्या यंत्रावर, टॅप करायला शिकवलं. 2009 च्या कामात ती ठोक्याच्या मागून यायची, माणूस मात्र किंचित आधीच पोचतो. मेसेजवाल्यांनी बहुतेक इतकंच उचललं. 2018 मध्ये त्याच गटाने दाखवलं की नीट शिकवलं तर माकडंही पुढचा ठोका ओळखून टॅप करतात.

उपजतचं उत्तर यातच आलं, कारण त्या माकडांना हे येतं ते खूप दिवसांच्या सरावाने. आणि नुसतं बसून ऐकणं पण फुकट जात नाही, 2007 मध्ये ग्रान आणि ब्रेट या संशोधकांनी स्कॅनमध्ये दाखवलं की माणूस न हलता ठेका ऐकतो तेव्हाही हालचालीचे हेच भाग जागे होतात. तेव्हा आरतीला पोरांना मागे नका बसवू, घुमटाच्या शेजारी बसवा, हातात कासाळे (झांजा) द्या आणि सुरुवातीला लय थोडी संथ ठेवा.